मामा, यंदाची रताळी निघाली

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

काल दुपारच्या जेवणानंतर शाळेतली रताळी काढली. चार वरंब्यांत मिळून 26 किलो निघाली. सातवीच्या मुलांनी दुकानातून तागडी मागून आणली आणि वजन तीनदा केलं, कारण पहिल्या दोन वेळा कुणाचाच विश्वास बसेना. आषाढी एकादशीच्या सुमारास तुम्ही वेलांचा भारा खांद्यावरून आणलात आणि पोरांना शिकवलंत की तुकड्याला तीन-चार डोळे हवेत, दोन मातीत जायला हवेत. त्याचीच ही रताळी.

हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आजूबाजूच्या शाळांतले गुरुजी आणि बाई बाग बघायला येतात आणि विचारतात, आखणी कुणी करून दिली? मी सांगते, मुलांनी केली. त्यांना ते खरं वाटत नाही. म्हणून मुलांच्या हातून ती कुणी करून घेतली, हे एकदा सगळ्यांना कळू दे. तुम्हाला तुमची नात वाचून दाखवेल.

बाग उभी राहिली त्याच्या आदल्या वर्षीचं तुम्हाला आठवत असेल. जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी मी कागदावर सरळ रेघा मारल्या, मुलांकडून वाफे काढून घेतले, मेथी-कोथिंबीर पेरली. मृग बरा गेला. आर्द्रा लागल्या आणि आठ दिवसांत कौलांच्या पागोळ्यांनी भिंतीकडचे वाफे फोडले, खालच्या बाजूला तळं साचलं. उगवलेलं सगळं पिवळं पडलं. पाचवीतली एक मुलगी रोज सकाळी दप्तर पाठीवर तसंच ठेवून तिच्या वाफ्याशी जाऊन उभी राहायची. तिला काय सांगावं मला कळत नव्हतं.

बांधापलीकडून तुम्ही ते बघत होतात. पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे आले ती शेणखत मागायला. तुम्ही म्हणालात, "खत देतो की बाई. पण पाणी कुठनं येतंय, कुठं जातंय, ते आधी पोरं बघूदेत." मला खरंतर घाई होती. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या, बैठकीत मी बाग करते म्हणून शब्द दिला होता. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून ही बाग उभी राहिली मामा, आणि सगळ्यात जास्त आभार त्याबद्दलच मानायचे आहेत.

तो महिना मी विसरणार नाही. पाऊस चालू असताना मुलं व्हरांड्यात उभी. जरा उघडीप मिळाली की काटक्या घेऊन पळायची: पाणी थांबतं तिथं आडवी काटकी, वाहतं तिथं उभी. महिनाभरात शाळेमागच्या त्या जागेवर काटक्यांचा नकाशाच झाला. मग तुम्ही मुलांनाच विचारलंत, आता कुठं काय लावूया? जिथं पाणी साचतं तिथं अळू आणि त्याच्या कडेला केळी, हे तिसरीतल्या पोरानं सांगितलं. शेवग्याच्या मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही, म्हणून तो वरच्या उंचवट्यावर. पागोळ्यांखाली जांभ्याचे तुकडे भरलेली चर, आणि ती चर अळूकडे नेलेली. जेवणानंतर हात धुतलेलं पाणीही आता तिकडेच जातं.

एकानं विचारलं, अळूला पुरून उरलेलं पाणी कुठं जातं? तुम्ही म्हणालात, ओढ्याला, ओढ्यातनं मार्कंडेय नदीला. मग मी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला. मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. गोव्याचा समुद्र इथून एवढा जवळ, आणि आमच्या कौलावरचं पाणी मात्र सगळा देश ओलांडून पूर्वेला जातं! मुलं बोटानं ती रेघ कितीतरी वेळ फिरवत बसली होती. भूगोलाचा असा तास मला आजवर घेता आला नव्हता.

मोजमापाचंही तसंच. पुस्तकात हेक्टर आहे, घरात मात्र सगळे गुंठ्यात बोलतात. तुम्ही दोरी धरायला लावलीत, 33 फूट बाय 33 फूट. मुलांनी गुणाकार केला, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर, हे त्यांनी चालून बघितलं, नुसतं पाठ केलं नाही. वाफ्याची रुंदी किती ठेवायची यावर मी मीटरपट्टी काढली, तर तुम्ही पहिलीतल्या सगळ्यात लहान मुलीला जमिनीवर बसवलंत आणि म्हणालात, "हात लांब कर बाळ, जेवढा पुरतो तेवढा." तिचा हात दीड फुटावर टेकला. दोन्ही बाजूंनी दीड-दीड, म्हणजे वाफा तीन फूट. वाफ्यात पाय न घालता सगळ्यात लहान मुलाचाही हात मधल्या रोपापर्यंत पोचला पाहिजे. ती मुलगी आता दुसरीत आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हे वाफे माझ्या हाताचे आहेत.

जीवामृत, म्हणजे रोपांना घालायचं पातळ खत. त्याचं प्रमाण तुम्ही 200 लिटर पाण्याचं सांगितलंत: 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. आमच्याकडे 20 लिटरची बादली. सहावीनं दहानं भागून यादी केली आणि 200 ग्रॅम गूळ मोजताना एकानंही चाटला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

स्वयंपाकाच्या मावशी कानडी बोलतात, हे तुम्हाला माहीतच आहे. रोपांजवळच्या पाट्या आम्ही मराठी आणि कानडी दोन्हींत लिहिल्या, त्यांच्याकडूनच विचारून. शेवगा, नुग्गीकाई. वांगी, बदनीकाई. कढीपत्ता, करिबेवु. आता सांबाराला शेंगा हव्या असल्या की त्या मुलांना कानडीत हाक मारतात आणि मुलं बरोबर त्याच झाडाकडे धावतात.

आणि एप्रिल-मेची सुट्टी. शाळेच्या बागा त्या दोन महिन्यांतच वाळतात, हे मी नोकरीची इतकी वर्षं बघत आले. तुम्ही रोपांमध्ये मडकी गळ्यापर्यंत पुरून घेतलीत, वर परडीएवढी झाकणं ठेवलीत. मडकं भरलं की पाणी पाझरत राहतं, रोज यायला नको. गल्लीतली चार मुलं आळीपाळीनं येत होती हे मला माहीत होतं. पण ज्या दिवशी कुणी आलं नाही, त्या दिवशी पहाटे बांध ओलांडून तुम्ही घागर घेऊन येत होतात, हे मला शाळा उघडल्यावर मावशींकडून कळलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. तेव्हा आभार मानायला आले तर तुम्ही विषय बदलून म्हशीचं सांगत बसलात. म्हणून आज लिहूनच मानते आहे. मनापासून आभार, मामा.

वेल टाकून दिलेले नाहीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे न्हाणीच्या पाण्याशी थोडे लावून ठेवले आहेत, पुढच्या बेण्यासाठी. 26 किलोंतली वीस मावशींकडे गेली, आज ती उकडून सगळ्या शाळेनं खाल्ली. उरलेली मुलांनी गवतात घालून टोपलीत ठेवली आहेत आणि वर चिठ्ठी लावली आहे, "मामांची महाशिवरात्र". मी म्हणाले, आत्ताच देऊन येऊया. तर मुलं म्हणाली, नको, उपासादिवशीच द्यायची.

केळीजवळच्या एका मडक्याला तडा गेला आहे. नवीन आणून ठेवलंय. सवडीनं या, पुरायचं काम मुलांनी तुमच्यासाठी थांबवून ठेवलं आहे.

तुमची,
शाळेतली बाई आणि पहिली ते सातवीची सगळी मुलं