मंत्रिमहोदय, आधी ओहोटीची वेळ बघा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कोकणातले जलदुर्ग, संग्रहालयं आणि कातळशिल्पं बघायला येणाऱ्यांची परवड

महोदय,

सविनय नमस्कार.

ओहोटीच्या वेळांचा फलक पावसाळ्याआधी लावून देऊ, असा शब्द आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयाने दिला होता. पाऊस गेला, दिवाळी आली. किनाऱ्यावर फलकाचा नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे आणि खारं वारं लागून त्याचे पापुद्रे सुटायला लागलेत. लोक त्याला टेकून पाण्यातल्या किल्ल्याकडे बघतात आणि भेळवाल्याला विचारतात, "आता चालत जाता येईल का हो?" सरकारचं काम भेळवाला करतो आहे, तेही फुकट.

त्या फलकावर काय हवं ते इथेच लिहून देतो, म्हणजे सल्लागार नेमायला नको. तिथीची पाऊणपट करावी, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. थोडं मागेपुढे होतं, पण आमचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या यावरच चालतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला चालत जायचं तर नुसती वेळ कळून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण ते सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अष्टमीला सुकती भर दुपारी सोयीची येते, पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचा काळ, पाणी पुरतं हटत नाही. म्हणून तृतीया ते पंचमीची सकाळ सगळ्यांत बरी. सुकतीच्या आधी तासभर निघावं आणि पाणी वळलं की किल्ल्यात रेंगाळू नये. परतताना मधल्या सखल भागात पाणी आधी चढतं, दोन्ही बाजूंना वाळू कोरडी दिसत असतानाच. माणसं अडकतात ती तिथे. एवढ्या पाच-सहा ओळी लिहायला कुठली निविदा लागते?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांतले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच आमच्या कोकणातले. आम्हीही पेढे वाटले. पण पाहुणा येतो तेव्हा त्याला कोण काय सांगतं? सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात हे त्याला मालवणच्या जेट्टीवर उभं राहिल्यावर कळतं. सुवर्णदुर्गाला जायचं तर हर्णैच्या होडीवाल्याशी आधी बोलावं लागतं, हेही कुठे लिहिलेलं नाही. बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि खांदेरीसह चार राज्याकडे. सामान्य माणसाने तक्रार घेऊन कुठल्या दारात जायचं, ते तुम्हीच सांगा.

संग्रहालयांचं दुखणं वेगळंच. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद. मुंबई-पुण्याचा माणूस शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी देवदर्शन करतो, रविवारी समुद्रावर जातो आणि सोमवारी परतीची गाडी पकडण्याआधी रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याकडे वळतो. ब्रह्मदेशाच्या राजाला 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं, इकडे आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. सोमवारी पोचलेल्या माणसाला यातलं काही आत जाऊन बघता येत नाही. एका जिल्ह्यातल्या सगळ्या संग्रहालयांना एकच वार कशाला? वार बदलून द्या. दिवाळीत आणि मे महिन्यात सुट्टी पाळीने द्या. त्याला माणसं लागतात आणि माणसं तुम्ही भरत नाही, हे मूळ कारण आम्हाला ठाऊक आहे.

माणसं नसली की पावसाळ्यात काय होतं, तेही ऐका. वस्तूंभोवतीची आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास राहावी लागते. 65-70 ओलांडली की बुरशी धरते. आमच्याकडे जुलैत ती 85-90 असते. काचेच्या पेटीत सिलिका जेलचे निळे खडे ठेवतात. ते गुलाबी झाले की पाणी पिऊन तृप्त झाले, मग भट्टीत 120 अंशांवर तापवून पुन्हा निळे करावे लागतात. पावसाळ्यात हे वरचेवर करायचं काम आहे. रोज खडे बघणारा माणूस नसेल तर गुलाबी खडे तसेच पडून राहतात आणि ओल थेट कागदावर, कापडावर बसते. ओल शोषणारं यंत्र बसवलं तरी त्याची टाकी भरली की ते बंद पडतं आणि ती ओतायला पुन्हा माणूसच लागतो. वीज तर वादळी पावसात तासन्‌तास नसते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते असोत, नाहीतर पिंगुळीच्या ठाकरांच्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या चित्रकथी पोथ्या, ज्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात; ओल शिरली की आधी खळ सुटते, मग रंग. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री दिलीत, आनंद आहे. पण त्या चित्रांसारखी चित्रं जिथे जिथे ठेवली आहेत तिथे पावसाचे चार महिने निभावण्याचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात बसतो?

आणि डागडुजी! हे लिहिताना हात थरथरतो. निधी येतो मार्चअखेरीस. चुन्याचं काम करायची वेळ पाऊस ओसरल्यावर, थंडी संपेपर्यंतची. कळीचा चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरवायचा, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, थर दिला की आठवडाभर ओली गोणपाटं ठेवायची. एप्रिलच्या उन्हात तो तडकतो आणि मृगाचा पाऊस डोक्यावर असतो. मग ठेकेदार काय करतो? सिमेंट भरतो, फोटो काढतो, देयक लावतो. जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंट आलं की पाणी आतच अडकतं, मीठ साठतं आणि दगडाचा चेहरा भुगा होऊन गळतो. काही वर्षांनी सिमेंटची चौकट जशीच्या तशी पुढे आलेली असते आणि तिच्या आतला चिरा पोकळ झालेला असतो. बोट घातलं तर लाल माती हाताला येते. दुरुस्तीने भिंत मारायची ही रीत थांबवा. कुलाब्याच्या तटाचे मोठे दगड तर चुन्याशिवाय नुसते रचलेले आहेत, फटीत शिरून लाटेचा जोर मोडावा म्हणून. त्या फटी उद्या कोणी "मजबुतीकरण" म्हणून बुजवल्या तर जबाबदार कोण?

तोफांचंही तेच. गंजावरच काळा ऑइलपेंट फासतात, आत शिरलेलं मीठ रंगाखाली काम करत राहतं आणि लोखंडाच्या ढलप्या निघतात. आधी गोड्या पाण्याने मीठ काढायचं, पुरतं वाळवायचं, टॅनिक ॲसिडचा हात, वर मेण. आणि तोफ मातीत न ठेवता दगडी बैठकीवर. एवढंच.

कातळशिल्पांवर, म्हणजे उघड्या जांभ्यावर कोरलेल्या चित्रांवर, तर आमचा जीव आहे. 2022 मध्ये कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ ही नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब, 13 मीटर उंच, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. भर दुपारी गेलात तर समोर असून दिसणार नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरपं ऊन पडतं आणि रेषा वर येते. पाऊस संपल्यावर गवत वाळून कापलं गेलं की मगच जावं. चपला बाहेर काढाव्यात. फोटोसाठी रेषांत खडू, रांगोळी, चुना भरू नये; तो जांभ्याच्या भोकांत बसतो आणि निघत नाही. हे सगळं सांगायला सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळपठारावर, एक माणूस, एक सावली आणि बायकांसाठी एक स्वच्छतागृह हवं. शाळेच्या सहली येतात, महोदय. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. ही शरमेची गोष्ट आहे आणि ती शरम आम्हाला वाटते.

यातली पुष्कळ शिल्पं खासगी जमिनीत आहेत. केंद्राचं संरक्षण लागलं की भोवतीच्या 100 मीटरमध्ये बांधकामबंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची साखळी. मालकाला मोबदल्याचा एक रुपया दिसत नाही, चिरेखाणवाला मात्र रोख देतो. मग एखाद्या रात्री यंत्र फिरलं तर नवल काय? जमीनमालकाला दरवर्षी भाडं द्या, त्यालाच राखणदार नेमा. तो आपली आंब्याची कलमं जपतो तसं हेही जपेल. पण तुमच्या सरकारला सडा दिसतो तो पडीक. बारसूच्या सड्यावर 2023 मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला पोलीस बंदोबस्त एका रात्रीत मिळाला. त्याच सड्यावरच्या शिल्पांना साधं कुंपण मिळायला किती वर्षं लागावीत? मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय. इथवर पोचायलाच पाहुण्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि पोचल्यावर दाराला कुलूप. कोकणाने मतं द्यायची, आंबे पाठवायचे, चाकरमान्यांसाठी गणपतीत वाट बघायची आणि बाकी सगळं मंत्रालयाच्या वेळेने चालू द्यायचं, हे किती दिवस?

येत्या वद्य चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास सुकती आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर आठला या. ताफा नको, पायात साध्या चपला घाला. किल्ल्यापर्यंत चालत जाऊ, तट दाखवतो, पाणी वळायच्या आत परत आणतो.

आपला,
कोकण किनाऱ्यावरचा एक वाटाड्या