यंदा शिमग्याला येत नाही

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की आई रडते आणि बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, म्हणून लिहितोय. यंदा शिमग्याला मी येत नाही. काढलेलं तिकीट परवा रद्द केलं.

दारू सोडून आज बेचाळीस दिवस झाले. पहिल्या नव्वद दिवसांत दारू सोडणाऱ्यांच्या नव्वद मीटिंगा करायच्या, असं इथले जुने लोक सांगतात. डोंबिवलीत रोज नसते, मग कधी कल्याण, कधी ठाणे. पास आहेच, वेगळा खर्च नाही. चिपळूणला आलो की हे तुटतं. आणि पालखी नाचवून झाली की वाडीतली मंडळी गोठ्यामागे हाक मारणार. तिथे मी ‘नको’ म्हणेन, असं आज छातीवर हात ठेवून सांगवत नाही. गेल्या शिमग्याचं मी लिहीत नाही. देवावर रुसलो नाही हो, आई. आपल्या घरचा खांदा पम्या देईल, त्याच्याशी बोललोय.

बाबा, तुम्ही विचारणारच, संस्था कुणाची, कुठला पक्ष, कुठले महाराज? कुणाचीच नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे नुसतं ए.ए. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन भेटले, दोघेही पट्टीचे पिणारे. एकमेकांशी बोलत राहिलं की पिणं टळतं, हे त्यांना उमगलं, तिथून सुरुवात. आपल्याकडे १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. बाहेरच्याची देणगी घेतच नाहीत, हे तुम्हाला आवडेल. अट एकच, सोडायची इच्छा हवी.

ग्रुप सहज नाही मिळाला. पहिला पत्ता जुना निघाला. दुसऱ्या ठिकाणी चर्चच्या हॉलसमोर टपरीवर चहा पिऊन तीनदा परत फिरलो. चौथ्यांदा आत गेलो, तर सगळं इंग्रजीत. समजत होतं, पण इंग्रजीत मला रडता येत नाही. तिथल्याच एका गृहस्थांनी मराठी ग्रुपचा पत्ता लिहून दिला आणि स्टेशनपर्यंत सोबत आले.

आता जातो तो ग्रुप पालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात बसतो. बाकं इतकी बुटकी की गुडघे फळीला लागतात. भिंतीवर पाढे. तुमच्या वर्गात मागे बसून मी तेराचा चुकायचो, तेच आठवलं. सुरुवातीला इथे माझे हात थरथरायचे. चहा देणाऱ्या काकांनी हाताकडे एकदा पाहिलं आणि माझा कप अर्धाच भरला. बाकीच्यांचे काठोकाठ होते. बोलले काहीच नाहीत. परवा त्यांनी न विचारता पूर्ण भरला, तर घरी येऊन स्वातीला किती वेळ तेच सांगत होतो.

हो, स्वाती आली आहे परत. सध्या शनिवार-रविवारच येते, पण येते. तिला काही विचारू नका.

एक खोटं बोललो होतो. जानेवारीत ‘ऑफिसच्या कामाला नागपूरला’ गेलो नव्हतो, हॉस्पिटलमध्ये होतो. रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढले. बाबा, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं कात्रण पाकिटात आहे. पाय घसरलाच तर पुण्याला जाऊन तिथे पस्तीस दिवस राहीन, नोकरीचं बघत बसणार नाही.

आई, खाण्यापिण्याची काळजी नको. सकाळी पोळी-भाजी, रात्री भात. कुळथाचं पीठ संपत आलंय, पिठी आता मीच करतो, तुझ्यासारखी नाही होत. अडीच किलो वाढलोय. झोपही लागते. लहानपणी ताप आला की तू पदर ओला करून कपाळावर ठेवायचीस ना, तसा मी कधीकधी टॉवेल ठेवून पडतो. हसू नकोस.

आता आई, रागावून नाही, पण ऐक. दारू सोडवायची ती पुडी पुन्हा कुणाच्या भाजीत कालवायची नाही. मला गणपतीतच कळलं होतं, बोललो नाही. तू कशापायी केलंस तेही कळतं. पण पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि दारू पोटात असताना असली काही औषधं गेली तर बीपी एकदम खाली येतं, जिवावर बेततं. उरलेल्या फेकून दे. नवस मात्र फेड, त्याला माझी ना नाही.

घरच्यांसाठीही असाच ग्रुप असतो, अल-अ‍ॅनॉन. तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे. इतकी वर्षं दोघं दाराची कडी ऐकत जागलात, ते कुणाशी तरी बोला. मे महिन्यात इकडे या, मी नेतो. बाबा, बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवायची नसते. आणि गॅसचा पाइप बदला.

तुमचा,
बाळ्या

ता. क. माळ्यावर तांदळाच्या पिंपामागे अजून एक बाटली आहे, परवा आठवली. बाबा, तुम्हीच मोरीत ओता, आईला वर चढू देऊ नका.