व्यंगचित्राखाली तारीख छापा

महोदय,

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या गोपनीयतेचा वाद निघाला की वॉटरगेट काळातली, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील १९७२च्या घुसखोरीवर पांघरूण घातल्याच्या आरोपात राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन सापडले तेव्हाची, व्यंगचित्रे समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागतात. त्यांवर ना तारीख असते, ना वृत्तपत्राचे नाव. मग ‘निक्सन खोटारडे होते’ एवढाच अर्थ हाती लागतो.

व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक ऊर्फ ‘हर्ब्लॉक’ यांचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधले २४ मे १९७४चे चित्र घ्या. टेपची (निक्सन यांनी आपल्या कार्यालयात गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांची) दोन चाके आणि मध्ये लोंबकळणारे निक्सन. एका बाजूच्या टेपवर ‘आय ॲम’, दुसऱ्या बाजूला ‘अ क्रूक’. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी फ्लोरिडात संपादकांपुढे निक्सन म्हणाले होते, ‘आय ॲम नॉट अ क्रूक’, म्हणजे ‘मी लबाड नाही’. चित्रातून नेमका तो ‘नॉट’ गेला आहे. मूळ वाक्य ठाऊक नसेल तर चित्र मुकेच राहते. टेप तुटलेली दिसते तिलाही कारण आहे : २० जून १९७२च्या संभाषणातली साडेअठरा मिनिटे पुसली गेल्याचे तोवर उघड झाले होते.

आता तारीख पाहा. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने महाभियोगाच्या चौकशीसाठी ४२ संभाषणांच्या टेप मागितल्या होत्या. निक्सन यांनी ३० एप्रिलला टेपऐवजी काटछाट केलेली, १,२००हून अधिक पानांची लेखी प्रत दिली. वॉटरगेट प्रकरणासाठी नेमलेले सरकारी वकील, म्हणजे विशेष अभियोक्ता, जॉवर्स्की यांची ६४ संभाषणांची मागणी वेगळी होती. ती निक्सन यांच्या सहकाऱ्यांवरील फौजदारी खटल्यासाठी होती आणि तीच पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. कोणतेही चित्र वाचताना मागणी कोणाची, कशासाठी आणि त्या दिवशी ती कुठे अडली होती, हे आधी तपासावे. चित्रकाराची भूमिकाही लक्षात घ्यावी. हर्ब्लॉक १९५४मध्येही निक्सन यांच्यावर तुटून पडत होते. चित्र हा आरोप असतो, पुरावा नव्हे.

सर्वांत मोठी गफलत निकालाबाबत होते. २४ जुलै १९७४ रोजी न्यायालयाने ८-० असा निकाल दिला, म्हणून ‘कार्यकारी विशेषाधिकार’ (आपली गोपनीय संभाषणे उघड न करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार) ‘मोडीत निघाला’ असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. न्यायालयाने हा विशेषाधिकार मान्य केला. केवळ सर्वसाधारण गोपनीयतेचे कारण सांगून खटल्यातला आवश्यक पुरावा रोखता येणार नाही, असे म्हटले. लष्करी आणि परराष्ट्रविषयक गुपितांचा प्रश्न या प्रकरणात नव्हताच. मे महिन्यातल्या चित्रात जुलैचा निकाल शोधणेही तितकेच चूक.

मराठी वाचकाने आणखी एक घोटाळा टाळावा : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपले राष्ट्रपती नव्हेत. व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मधल्या, आणीबाणीतल्या १० डिसेंबर १९७५च्या चित्रात राष्ट्रपती न्हाणीतल्या टबातून वटहुकमावर सही करतात आणि आणखी वटहुकूम असतील तर आणणाऱ्यांना थांबायला सांगा म्हणतात. तिथे काही दडवलेले नाही. मंत्रिमंडळाने पाठवलेल्या कागदावर निमूट सही करणे हाच टीकेचा विषय आहे. आपल्याकडे संरक्षण आहे ते मंत्र्यांनी राष्ट्रपतींना दिलेल्या सल्ल्याला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७४(२)नुसार कोणता सल्ला दिला गेला याची चौकशी न्यायालय करू शकत नाही.

आपण अशी चित्रे पुनर्मुद्रित करता तेव्हा खाली चित्रकार, वृत्तपत्र, तारीख आणि त्या दिवशी नेमका कोणता कागद किंवा टेप मागितली जात होती, याची एक ओळ द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे