‘वैमानिकाची चूक’ एवढ्यावर बातमी थांबू नये

महोदय,

नेमून दिलेला मार्ग सोडल्याबद्दल एका प्रवासी विमानाच्या दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. ‘वैमानिकांच्या चुकीमुळे विमान भरकटले’ असा मथळा होता. मी मुंबईत हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं अरबी समुद्रावरच्या वाहतुकीवर. विमान मार्ग चुकलं हे कळलं, की खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. आपली बातमी नेमकी तिथेच संपली, म्हणून हे पत्र.

अलाहाबादच्या प्रशिक्षण केंद्रात आम्हाला कोरियन एअर लाइन्सच्या ००७ क्रमांकाच्या विमानाची हकिगत शिकवली होती. ती मी आजवर विसरलेलो नाही. अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालेलं हे जम्बो जेट १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सखालिन बेटाजवळ लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. सोव्हिएत संघाने दडवून ठेवलेले ब्लॅक बॉक्स पुढे बाहेर आले आणि १९९३ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा अहवाल आला. कारण वाचून आजही काळजात चर्र होतं. एक तर ऑटोपायलट ‘हेडिंग’वरच राहिला होता, म्हणजे विमान फक्त एका दिशेला नाक धरून चाललं होतं. किंवा नेव्हिगेशन यंत्रणा जोडली, पण तोवर विमान मार्गापासून इतकं बाजूला गेलं होतं, की तिने मार्ग पकडलाच नाही.

हे पाच तास चाललं, आणि त्या पाच तासांत खुणा दिसत होत्या. बेथेल या पहिल्या मोठ्या टप्प्यावरच विमान सुमारे १२ सागरी मैल उत्तरेला सरकलेलं होतं. लष्करी रडारच्या नोंदीत ते नंतर सापडलं. पुढे त्याचा आवाज अँकरेजला पोचेना, म्हणून त्याच कंपनीचं काही मिनिटं मागून येणारं विमान त्याचे निरोप पोचवू लागलं. दोघं एकाच मार्गावर, इतक्या जवळ असताना एकाचा आवाज पोचतो आणि दुसऱ्याचा नाही, ही वेळ यावीच का? नंतर दोन्ही विमानांतले वैमानिक वाऱ्याबद्दल बोलले. एकाला मागून जोराचा वारा, दुसऱ्याला समोरून. दोघं एकाच वाटेवर असते तर वारा इतका वेगळा लागला नसता. तरीही ‘आपण नक्की कुठे आहोत?’ असं कुणी विचारलं नाही. वैमानिक अनुभवी होते. ऑटोपायलटचा स्विच चुकीच्या जागी राहणं ही एका क्षणाची गफलत. ती पाच तास कुणीच न पकडणं ही साऱ्या व्यवस्थेची.

आपल्याकडेही जुन्नरजवळच्या डोंगरावर १९६२च्या जुलैत, भर पावसाच्या रात्री, अलितालियाचं विमान आदळलं आणि ९४ जण दगावले. मुंबई आहे त्याहून जवळ आली असं समजून वैमानिकाने उंची लवकर सोडली होती.

समुद्रावर रडार पोचत नाही. आमच्या वेळी वैमानिक एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या, रेडिओवर खरखरीतून सांगायचा, की मार्गावरचा अमुक बिंदू इतक्या वाजता ओलांडला, पुढचा इतक्या वाजता गाठेन. ते आम्ही स्ट्रिपवर, म्हणजे प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या कागदी पट्टीवर, लिहून घ्यायचो आणि आमच्या हिशेबाशी ताडून बघायचो. एका रात्री आखाताकडून येणाऱ्या विमानाला मी मार्ग बदलून दिला. वैमानिकाने रीडबॅक, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं, अगदी बिनचूक दिला. पण पुढच्या निरोपात त्याने ज्या बिंदूचं नाव घेतलं तो जुन्या फ्लाइट प्लॅनमधला, म्हणजे आधी ठरलेल्या मार्गावरचा, होता. शेजारच्या सहकाऱ्याने हेडफोन बाजूला करून म्हटलं, “अरे, हा जुन्याच प्लॅनवर चाललाय, विचार त्याला.” मी विचारलं. पलीकडे काही क्षण शांतता, मग आभार, आणि विमान योग्य मार्गाला वळलं. जुन्या मार्गावर त्याच उंचीला दुसरं विमान होतं, म्हणून तर बदल दिला होता! तोंडाने नवा मार्ग बरोबर सांगितला गेला, पण विमानातल्या संगणकात तो भरायचा राहिला. थकलेल्या माणसाच्या हातून हे होतं.

म्हणून चौकशीआधीच वैमानिकांना गुन्हेगारासारखं घरी बसवलेलं पाहून मला काळजी वाटते. उद्या एखाद्या सहवैमानिकाला मार्गाची शंका आली, तर त्याने ती मोठ्याने बोलून दाखवायला हवी. उतरल्यावर स्वतःहून कळवायलाही हवं. नोकरी जाईल या धास्तीने तो गप्प बसला, तर आपल्याला काही कळणारच नाही. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला जरूर शिक्षा करा. स्वतः चूक कळवणाऱ्याला मात्र संरक्षण हवं, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना हे ठणकावून सांगावं.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की या घटनेचा पाठपुरावा सोडू नये. वैमानिकांना कोणता मार्ग दिला होता, संगणकात कोणता भरला होता, ते सलग किती तास ड्यूटीवर होते आणि चूक प्रथम कुणाच्या लक्षात आली, हे आपल्या वार्ताहराने विचारावं. चौकशी अहवाल आला, की तोही मूळ बातमीइतक्याच ठळकपणे छापावा.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक,
विलेपार्ले, मुंबई