सातबारा मिळतो, पण वाचून कोण दाखवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दाखले, पीकविमा, आधारची कामं असतातच, पण दिवसभर प्रिंटरमधून सगळ्यात जास्त काय निघत असेल तर सातबारा. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तेव्हापासून तर फारच. १५ रुपये सरकारी फी भरली की डिजिटल सहीचा उतारा हातात पडतो. पूर्वी याच कागदासाठी तलाठी भाऊसाहेबांच्या सज्जावर खेटे घालावे लागत, तेव्हा ही सोय झाली याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. (तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं असतं. गावात अजून कुणी म्हणत नाही.) तक्रार वेगळी आहे. उतारा घेतलेला माणूस तो उलटसुलट बघतो, घडी घालायला लागतो आणि मग विचारतो, “ताई, जमीन आमच्या नावावर हाये ना?”

विचारणार नाही तर काय करील? नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद, एवढं शाळेत शिकलेली पोरं सांगतात. पण त्या सातमध्ये नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं त्याचं काय? एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या घराची, थोरल्याचं नाव फक्त कारभारी म्हणून लागलेलं. माझ्या काउंटरवर थोरल्यांची मुलं ‘आमच्या आण्णांच्या एकट्याच्या नावावर आहे’ असं ठासून सांगतात, आणि धाकटी पाती ते खरं धरून गप्प बसते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक. तो ‘अज्ञान’ मुलगा आज नातवंडांना खेळवतोय, तरी कागदावर अजून चुलत्याच्या पालनात आहे. कंसात घातलेलं किंवा आडवी रेघ मारलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, हेही सांगावं लागतं. पाच नावांची रांग आणि खाली ‘सामाईक क्षेत्र’ असा एकच आकडा दिसला की पहिला प्रश्न येतो, “माझं किती?” उताऱ्यावर ते नसतंच, कारण वाटप झालेलं नाही. आणि आकडा तरी कसा? १.२०.५०. एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. आमच्याकडे माणूस एकर-गुंठ्यात विचार करतो, त्याला मी सांगते की तीन एकराला गुंठाभर कमी. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरून की सोडून, हा त्यावरचा पुढचा प्रश्न.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. एकूण क्षेत्र, प्रलंबित फेरफार (म्हणजे नावं-हक्क बदलल्याच्या नोंदी), शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख हे सगळं नीट छापून येऊ लागलं. चांगलं झालं. पण ही सुधारणा ज्याला वाचता येतं त्याच्याच उपयोगाची.

एक उदाहरण सांगते, नाव-गाव सोडून. माहेर आमच्याकडचं आणि सासर मुंबईला, अशा साठीच्या एक बाई आल्या. भाऊ जमिनीचा सौदा करतायत असं कानावर आलं, म्हणून उतारा हवा होता. उतारा काढला. डावीकडे भोगवटादारात, म्हणजे जमीन ज्यांच्या नावे आहे त्या रकान्यात, दोघा भावांची नावं, उजवीकडे ‘इतर अधिकार’ रकान्यात तिघी बहिणींची. बाई खुशीत म्हणाल्या, “आहे बाई नाव, मग काळजी नाही.” त्यांना थांबवलं. त्या रकान्यात सोसायटीचा बोजा बसतो, विहिरीचा वाटा बसतो, कूळ बसतं. तिथे नाव असणं आणि भोगवटादारात असणं यात फार फरक आहे. नावाशेजारी कंसात फेरफार क्रमांक होता, त्याची नक्कल मागवायला सांगितली. ती आल्यावर काउंटरवरच आम्ही दोघींनी वाचली. तलाठ्याचं वळणदार अक्षर, जांभळा शिक्का, आणि मजकूर साधारण असा: खातेदार मयत झाले, वारस मुलगे दोन व मुली तीन, थोरल्या मुलाच्या वर्दीवरून मुलांची नावे कब्जेदार (म्हणजे भोगवटादार) सदरी व मुलींची नावे इतर हक्कात दाखल केली. हक्कसोडपत्राचा उल्लेख नाही, बहिणींची सही नाही की अंगठा नाही. खाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा, ‘नोंद प्रमाणित’.

ही नोंद १९८० च्या दशकातली. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला हे आता बऱ्याच जणींना ऐकून माहीत आहे. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गाची वारस होतीच. मी वकील नाही, त्यामुळे पुढे काय करायचं हे मी ठरवत नाही. प्रांतांकडे अपिलाची वाट असते, उशीर झाला म्हणून विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो, वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात, एवढं सांगून त्यांना तालुक्याला वकिलाकडे पाठवलं. माझं म्हणणं इतकंच की त्या बाईंचा सगळा इतिहास सातबाऱ्यावर नव्हताच, फेरफारात होता. सातबारा सांगतो आज काय आहे, आणि ते कसं झालं हे गाव नमुना सहा सांगतो. तो बघायचा असतो हेच लोकांना ठाऊक नाही.

बघायचा तरी कुठे? अलीकडचे फेरफार ऑनलाइन दिसतात. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुन्या फेरफारांच्या, सातबाऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत आणि बऱ्याचदा सापडतातही. पण गटवारीच्या आधीचा कागद हवा असेल तर तिथे गट नंबर घालून उपयोग नाही, जुना सर्व्हे नंबर लागतो. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा १९४७ चा कायदा आमच्या गावाला लागू होऊन गटवारी झाली तेव्हा सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. कुठल्या सर्व्हेचा कुठला गट झाला हे भूमी अभिलेखच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यात मिळतं. तो उतारा असतो हे तरुण पोरांना माहीत नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांना माहीत होतं ती एकेक करून चालली. त्याही मागे गेलात तर मोडी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक केवढा भाव आला, ते सगळ्यांनी पाहिलं.

गावठाणातल्या घरांचा गोंधळ निराळाच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, आणि महसूलचा आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा. बँकेचा माणूस फोनवर नुसतं “आठचा उतारा आणा” म्हणतो आणि माणूस नेमका चुकीचा कागद घेऊन तालुक्याला जाऊन परत येतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देताहेत, त्याने हे घोळ पुढेमागे मिटतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. कायद्याने फेरफार धरला की नोटीस काढावी लागते, चावडीवर लावावी लागते आणि हरकतीला १५ दिवस द्यावे लागतात. हीच नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी पानावर गाव निवडून कुणालाही, फुकट, मुंबईत बसूनही बघता येते. वर सांगितलेल्या बाईंच्या वेळी ही सोय नव्हती. आज आहे, पण ती माहीत असलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचितच येतं. आमच्या चावडीच्या फलकावर मात्र जत्रेची आणि लसीकरणाचीच पत्रकं. फेरफाराची नोटीस त्यांच्याखाली कुठेतरी टाचलेली असते, तीही असली तर.

म्हणून महसूल विभागाला आपल्या मार्फत विनंती आहे. डिजिटल सहीच्या उताऱ्यासोबत साध्या मराठीत एक खुलासा छापून यावा: ए.कु.मॅ. म्हणजे काय, कंस म्हणजे काय, इतर अधिकारात नाव असण्याचा अर्थ काय, हेक्टर-आरचे एकर-गुंठे कसे करायचे. नुसत्या फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे, तेही एका ओळीत असावं. म्हणजे उताऱ्यावर नाव नाही म्हणून हातपाय गाळणारे आणि नाव आहे म्हणून भावकीला दमात घेणारे, दोघेही जरा ताळ्यावर येतील. आणि चावडी वाचन, म्हणजे गावकऱ्यांसमोर या नोंदी मोठ्याने वाचून दाखवणं, जे ‘जिवंत सातबारा’च्या वेळी गावोगाव झालं, ते दरवर्षी ठरलेल्या तारखेला व्हावं. ती तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीत, जत्रेच्या आगेमागे धरावी. मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि माहेरवाशिणी तेव्हाच गावात असतात. एरवी वाचन ऐकायला पोलीस पाटील, कोतवाल आणि दोन म्हातारे एवढेच.

खुलाशाच्या छपाईचा खर्च कुणी पुढे करील, म्हणून आधीच सांगते. उताऱ्याची मागची बाजू कोरीच असते.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्र चालक, ता. जुन्नर, जि. पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)