बबडीच्या घोट्याबद्दल, जरा शांतपणे वाचा

आई, बाबा,

परवा फोनवर बबडीचं बास्केटबॉल सोडवायचा विषय निघाला आणि मी चिडलेच जरा, सॉरी. आई, तू शेवटी "बरं" म्हणून फोन ठेवलास आणि तुझं ते "बरं" मला लहानपणापासून चांगलं माहितीय, म्हणून आज रात्री सगळं आवरून हे टाईप करत बसलेय. फोनवर बोललं की आपण दोघी एकमेकींचं अर्धंच ऐकतो. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचा, आईला मोबाईलवर एवढं लांब वाचायचा कंटाळा येतो.

तर आमच्या बबडीचा पाय सव्वा वर्षात चार वेळा मुरगळला, डावाच, दरवेळी बाहेरच्या बाजूने. पहिल्यांदा गेल्या वर्षी जूनमध्ये सोसायटीच्या कोर्टवर, पाऊस पडून गेला होता आणि पोरं तरी खेळतच होती. मग जानेवारीत शाळेत. मग ह्या ऑगस्टमध्ये वाशीला मॅच होती तेव्हा, रिंगवरून परत आलेला बॉल पकडायला उंच उडी मारली आणि खाली आली ती थेट दुसऱ्या पोरीच्या बुटावर. हे तिन्ही तुम्हाला माहितीय. चौथं मी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं पण अर्धवट. तीन आठवड्यांपूर्वी मुरगळला तो खेळताना नाही, नेरुळ स्टेशनच्या जिन्यावर. दप्तर पाठीवर, हळूहळू उतरत होती, ना धक्का लागला ना पाय घसरला, नुसतं पाऊल वाकडं पडलं आणि बसली खाली. आई, तू म्हणतेस खेळ सोडव म्हणजे पाय सुटेल, पण जिना कसा सोडवू ग मी?

आणि चूक कोणाची म्हणशील तर आमचीच. तिन्ही वेळेला आम्ही एकच केलं, बर्फ, क्रेप बँडेज, एखादी गोळी, आठवडाभर घरी, सूज उतरली की चल बाई कोर्टवर. तुमचे जावई तर म्हणायचे तिला नीट पळता येतंय ना मग झालं. मला पण तेच वाटायचं. सूज उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे हे आम्हा दोघा शिकलेल्या माणसांना चौथ्या वेळेला कळलं.

ऑगस्टमध्ये एक्स-रे का काढला असं बाबा विचारत होते, आधी तर कधी काढला नव्हता. त्याचा एक साधा नियम आहे, कॅनडात ओटावा शहरात डॉक्टरांनी बनवलेला, १९९२ पासून चालत आलाय. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबलं की दुखतंय का, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं हाड दाबून दुखतंय का, आणि मुरगळल्यावर चार पावलं टाकता येतात का. तिला त्यावेळी चार सोडा दोन पण टाकता येत नव्हती. शिवाय तेराचौदा वर्षांच्या मुलांची हाडं वाढत असतात, टोकाशी वाढीचा जो कूर्चेचा भाग असतो तो कधीकधी लिगामेंटपेक्षा कच्चा निघतो, म्हणजे मोठ्या माणसाचा पाय मुरगळेल तिथे पोराचं हाडच दुखावतं. हिचं हाड चांगलं होतं. डॉक्टरांनी तिचं पाऊल हातात धरून आतबाहेर फिरवून पण बघितलं, कारण ह्या वयात परत परत मुरगळत असेल तर काही मुलांच्या पावलातली दोन हाडं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली असतात आणि पाऊल ताठ राहतं म्हणून घोटा जातो. तसलं काही नाही निघालं, मी तर मनात गणपतीला नारळ बोलून ठेवला होता.

आता चौथ्या वेळेनंतर ठाण्याला फिजिओकडे जातोय, आठवड्यातून दोनदा. इथून ठाणे लोकल, संध्याकाळी सीट मिळत नाही, तिला मी सरळ सांगते की पाय दाखव आणि जागा माग, तर मॅडमला लाज वाटते.

बाबा, आता तुमच्यासाठी. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन आहेत आणि त्यातला पुढचा सगळ्यात कमजोर. उडी मारून खाली येताना चवडा खाली झुकलेला असतो, त्यात पाऊल आत वळलं की सगळा ताण त्याच्यावर, पहिला तोच जातो. तर तो ताणला गेला की थोडा सैल राहतो, म्हणजे तुमच्या डेपोच्या भाषेत स्टिअरिंगला प्ले आला. मी फिजिओंना हेच म्हटलं, तर त्या म्हणाल्या की नुसता प्ले असता तर एवढं अवघड नव्हतं. त्या पट्ट्यातच बारीक नसा असतात, पाऊल किती तिरकं झालंय ती खबर त्या वर पाठवतात, आणि खबर मिळाली की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आवळतात आणि पाऊल सरळ करतात, हे सगळं आपल्याला न कळता. एकदा इजा झाली की खबर उशिरा पोचते, स्नायू पण आळशी होतात. म्हणजे चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावर ड्रायव्हर ब्रेक मारतोय. म्हणून आधी मुरगळलेला पाय परत मुरगळायचा चान्स सगळ्यात जास्त, आणि म्हणूनच नुसती विश्रांती देऊन काही होत नाही, गाडी डेपोत उभी करून ठेवली म्हणून प्ले जातो का?

त्यांनी बबडीला उजव्या पायावर डोळे मिटून उभं केलं, मजेत राहिली. डाव्यावर केलं तर सहासात सेकंदांत पाय नाचायला लागला, हात पंख्यासारखे. मी हसले. तर मला म्हणाल्या, तुम्ही राहा बघू. आई, मी तीन सेकंद टिकले. तीन. आणि भिंत धरली.

आणि तिथे मला १९९६ आठवलं. तुम्हाला आठवतंय की नाही माहीत नाही. दहावीत होते, खो-खोच्या जिल्ह्याच्या टीमसाठी निवड चालू होती आणि पोलजवळ वळताना हाच पाय गेला, डावाच. बाबा, तुम्ही सायकलवर डबलसीट घरी आणलंत, आईने निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, मग तीन आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा आई म्हणाली आता दहावी आहे, पुरे झालं. मी पण हो म्हटलं. राग नव्हता, खरंच, तेव्हा तसंच असायचं. खो-खोचं ते तालुक्याचं सर्टिफिकेट मात्र मी ट्रंकेत जपून ठेवलं होतं, २०२१ च्या पुरात ट्रंकेसकट गेलं, तुम्हाला बोलले नाही कारण तेव्हा घरात एवढा चिखल होता की कागदासाठी कोण रडणार.

मला सांगायचंय ते एवढंच की त्यानंतर मी एकदाही मैदानावर गेले नाही, आणि पाय तरीही मुरगळतोच आहे. माझ्या हळदीच्या दिवशी मुरगळला होता, आठवतंय? प्लॅटफॉर्मवर, भाजी आणताना, येऊरला गेलो तेव्हा. मी समजायचे की आपला पायच असा, नाजूक. आई, तू परवा बबडीला फोनवर हेच म्हणालीस, आईवर गेलीय, पाय नाजूक आहेत, मुलीची जात, उद्या पाय अधू झाला तर. ती काही बोलली नाही पण रात्री मला विचारलं की आजी म्हणते तसं आपले पाय खराब असतात का. म्हणून मी चिडले ग. तुझ्यावर कमी आणि त्या शब्दावर जास्त. पाय नाजूक नाहीत, व्यायाम केला नव्हता कोणी, ना माझा कोणी करून घेतला ना मी हिचा.

आता करतोय दोघी. दात घासताना एका पायावर, आधी डोळे उघडे मग मिटून. एका पायावर उभं राहून भिंतीवर बॉल टाकायचा आणि झेलायचा, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा वर येऊन विचारलं काय चाललंय. रबराचा पट्टा खुर्चीच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच वरखाली. आणि कंबरेचे, नितंबांचे व्यायाम पण आहेत, मला वाटलं घोट्याचा काय संबंध, तर उडीनंतर गुडघा आत पडला की पाऊल पण वाकडं पडतं. हे सगळं दोनेक महिने तरी, आणि नंतर सीझनभर आठवड्यातून दोनतीनदा, सोडायचं नाही. सध्या तिला कोर्टवर फक्त उभ्याउभ्या शूटिंगची परवानगी आहे. एका पायावर उड्या न दुखता आल्या, दोन्ही पाय सारखे चालले, मग पळणं, मग झटकन दिशा बदलणं आणि मग मॅच. तारीख विचारली तर फिजिओ देत नाहीत, पाय सांगेल म्हणतात, तिने रडून बघितलं.

लेसवाला ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार, तो पण घेतलाय, मॅचला आणि प्रॅक्टिसला घालायचा. अमेरिकेत शाळेतल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींवर अभ्यास झालाय, २०११ मध्ये छापून आला, ब्रेस घालणाऱ्यांचे घोटे बरेच कमी दुखावले, आधी मुरगळलेल्यांचे पण आणि न मुरगळलेल्यांचे पण. मात्र ज्यांचा तरी गेलाच त्यांची इजा हलकी झाली असं काही दिसलं नाही, म्हणजे ब्रेस घातला म्हणून व्यायाम टाळायचा नाही. उंच बूट घे असं जावईबापूंचं म्हणणं होतं, चांगले महागातले बघून ठेवले होते, ते मी कॅन्सल केले.

बबडीचं म्हणणं आजीला सांग की स्टीफन करीचं पण असंच होतं. हा अमेरिकेचा बास्केटबॉल खेळाडू, तिचा देव, कपाटाच्या दारावर फोटो आहे बघा, आई तू विचारलं होतंस हा कोण बारकेला. त्याचा उजवा घोटा एवढ्या वेळा गेला की २०११ आणि २०१२ अशी दोन ऑपरेशनं झाली, २०११-१२ च्या सीझनला जेमतेम २६ मॅच खेळला, लोक म्हणायचे संपला. मग त्याच्याकडून पाय, कंबर, नितंब ह्यांची ताकद वाढवून घेतली. पुढे तिकडच्या एनबीए लीगमध्ये चार वेळा चॅम्पियन झाला आणि २०२४ ला पॅरिसला ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये फ्रान्ससमोर आठ थ्री-पॉइंटर टाकले, म्हणजे लांबून तीन-तीन पॉइंटचे बास्केट. मी तिला म्हटलं तो करी आहे, तू आपली नेरुळची आहेस, तर म्हणे घोटा तर सेमच असतो ना.

बाबा, तुम्ही एसटीने पाठवलेलं पार्सल मिळालं. रक्तबोळ आणि आंबेहळदीचा लेप लावला, तिला थंड वाटतं, त्याला कोणी नाही म्हणत नाहीये. फक्त ते जे तुम्ही म्हणालात ना की बाजारपेठेतल्या त्या माणसाकडून चोळून, ओढून घेऊ, ते नको. ताज्या इजेला पहिले दोनतीन दिवस जोरात चोळलं किंवा गरम शेक दिला तर सूज उलट वाढते. बर्फाचं पण आता डॉक्टर लोकांचं मत बदललंय, ज्या डॉक्टरने १९७८ मध्ये विश्रांती आणि बर्फाचा फॉर्म्युला काढला त्यानेच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाने भरून यायला उशीर होऊ शकतो. दुखणं कमी करायला थोडा वेळ लावायचा, बस. आणि पाय अगदी बांधून ठेवायचा नाही, झेपेल तसा हलवायचा. प्लास्टरमध्ये तीन आठवडे म्हटल्यावर फिजिओंनी माझ्याकडे कसं बघितलं सांगू.

बाबा, अजून एक, रागावू नका. श्रावणात तुम्ही अंगणात शेवाळावरून घसरलात ते मी त्यांना सांगितलं. म्हणाल्या त्यांना पण करू दे, पण ओट्याला दोन्ही हात धरून, आणि बाजूला कोणीतरी हवं. तर सकाळी चहा उकळेपर्यंत तुम्ही ओटा धरून एका पायावर आणि आई तू बाजूला उभी, मग उलट. आईला गुडघा दुखला तर तिने नुसती टाच वरखाली करायची.

आम्ही दिवाळीत येतोय, पाडव्याच्या आदल्या दिवशी रात्री निघू. आई, तू तिला खेळ सोड असं तेवढं म्हणू नकोस, मला काय ते बोल, मी ऐकेन, "बरं" म्हणेन तुझ्यासारखं. आणि पायाकडे बघून च्च च्च पण करू नकोस.

बाबा, तुम्हाला काम आहे. तोल सांभाळायची जी गोल फळी असते ती इथे मिळते प्लॅस्टिकची, करकर वाजते, मला नाही आवडली. तुम्ही करून ठेवाल का? चांगला जाड प्लाय घ्या, गोल कापून, साधारण ४० सेंटिमीटर रुंद, आणि खाली बरोबर मधोमध लाकडाचा अर्धा गोळा, पाचेक सेंटिमीटर उंच, आतून स्क्रू मारून पक्का बसवा, नुसत्या फेविकॉलवर नको. वर जुन्या टायर-ट्यूबचं रबर चिकटवलं तर पाय घसरणार नाही, तुमच्याकडे असेलच. दोन करा, एक माझ्यासाठी. आणि कडा नीट घासून घ्या हां, ती अनवाणीच उभी राहते.

तुमची,
बाय
नेरुळ