तो ब्लॉक मालकांचा होता

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील गुलामांच्या पलायनावरचा रविवारचा लेख दोनदा वाचला. मजकुराबद्दल तक्रार नाही. जोतीरावांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केलेली आहे, हेही लेखकाने आवर्जून सांगितले. पण त्याच पानावर, खांद्यावरच्या काठीला गाठोडे अडकवून निघालेला माणूस आपण पाच ठिकाणी नक्षीसारखा छापलात, तो पाहून रात्री झोप लागली नाही.

ते चित्र मुक्तीचे नव्हे. गुलाम पळाला की मालक वर्तमानपत्रात जाहिरात देत, ‘पळाला आहे, धरून देणाऱ्यास इनाम’. तिच्या डोक्यावर हा ब्लॉक, म्हणजे चित्राचा तयार ठसा, बसे. नाव, उंची, अंगावरचे वण मजकुरात बदलत. माणूस मात्र तोच.

मी २८ वर्षे ट्रेडल (पायाने चालवायच्या यंत्राच्या) छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, होतो. एकदा एक शेतकरी ‘हरवला आहे’चे पत्रक छापायला आला. मुलाचा फोटो नव्हता. मालक म्हणाले, खणातला तो दप्तरवाला मुलगा लाव. लावला. प्रूफ हातात धरून तो गृहस्थ बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हा आमचा न्हाई. आमचा साळंत गेलाच न्हाई कधी.” मी ब्लॉक काढला, पत्रक बिनचित्राचे छापले. मुलाचे पुढे काय झाले, ते कळले नाही.

चेहऱ्याची चित्रे नव्हती असे नाही. एलेन क्राफ्ट ही गुलाम स्त्री १८४८ साली पुरुषी वेशात, गोरा मालक बनून जॉर्जियातून निसटली. नवरा तिचा नोकर झाला होता. ओळखू येऊ नये म्हणून प्रवासात तिने गालाला फडके बांधले होते. पुढे चित्र कोरले तेव्हा तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून तेच फडके वगळले. ते चित्र का नाही छापले?

आणि अमेरिकन चित्रकार ईस्टमन जॉन्सनचे घोड्यावरून पळणारे कुटुंब छापलेत, तेही कापून. मागे वळून पाहणारी आई गेली, तिच्या कुशीतले तान्हे गेले. उरला बाप आणि पुढे बसवलेले मूल. १८६२ च्या मार्चमध्ये हा प्रसंग आपण स्वतः पाहिल्याचे जॉन्सनने चित्रामागे लिहून ठेवले आहे. येत्या रविवारी ते चित्र पूर्ण छापावे, जाहिरातीची जागा घ्यावी लागली तरी.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, सातारा